आधी सही, मग स्कॅन: ग्राहकाकडं जाऊन सायबर सुरक्षेचं काम करताना

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड या पट्ट्यात सायबर सुरक्षेचं काम करणारी नवी पोरं मला फोन करतात, आणि बहुतेकांची सुरुवात एकच असते: "सर, रिपोर्ट देऊन दोन महिने झाले, पार्टी काहीच करंना." रिपोर्ट मागवून बघितला की दिसतं, स्कॅन (टूलनं नेटवर्कमधल्या कमजोर जागा शोधणं) नीट झालाय, सापडलेल्या गोष्टीही खऱ्या आहेत. चुकलाय तो क्रम. टूल आधी चाललं, कागद नंतर झाला. पीडीएफ आधी मालकाला गेली आणि संगणकवाल्याला त्याच्याच चुका मालकाच्या तोंडून कळल्या.

खालचा क्रम लहान-मध्यम ग्राहकांसाठी आहे: वाळूज किंवा शेंद्र्यातला सुटे भाग करणारा कारखाना, जालन्यातली स्टील मिल, तालुक्याच्या गावातली सहकारी बँक, लातूरमधला क्लास. मोठ्या कंपन्यांत यातली निम्मी कामं वेगवेगळी माणसं करतात. इथं तपासणारे तुम्ही, समजावणारे तुम्ही आणि बिलासाठी फोन करणारेही तुम्हीच.

## १. जाण्याआधी: धंदा आणि कॅलेंडर

पहिली चूक तारीख ठरवतानाच होते. साखर कारखान्याला दिवाळीनंतर तपासणीची वेळ मागू नका. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्चपर्यंत तिथं कुणाला मान वर करायला फुरसत नसते. कापसाच्या जिनिंगचंही तेच. बँकेला मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर सोडून बोला. अकाउंट विभागाला दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास हात लावू नका, कारण मासिक रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीची गडबड तेव्हाच असते. क्लासवाल्यांना नीटच्या परीक्षेआधी आणि प्रवेशाच्या दिवसांत गाठलंत तर चहा मिळेल, काम मिळणार नाही.

मग धंदा समजून घ्या. माल कुठून येतो, कुठं जातो, हिशेब कशात ठेवतात, पगार कोण काढतं. आणि नियम कुणाचे लागू आहेत ते नक्की करा. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेची २०१८ आणि २०१९ची सायबर सुरक्षेची परिपत्रकं लागू आहेत. त्यातलं २०१९चं परिपत्रक बँकांना चार पातळ्यांत विभागतं, म्हणून बँक कोणत्या पातळीत आहे ते आधी विचारायचं. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही, ती सहकार खात्याकडं. पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांना रिझर्व्ह बँकेचा धाक घालणारा पोरगा मी स्वतः पाहिलाय. साहेबांनी शांतपणे त्याला फरक समजावून सांगितला आणि मीटिंग तिथंच संपली.

तपासा: ग्राहकाला तपासणी सरकारी किंवा नियामक कामासाठी हवी आहे का? तसं असेल तर बऱ्याचदा सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) यादीतल्या ऑडिटरचंच प्रमाणपत्र चालतं. तुमची संस्था यादीत नसेल तर ते पहिल्या फोनवरच सांगा. काम झाल्यावर सांगितलंत तर पैसेही जातात आणि नावही जातं.

## २. पहिली भेट: बोलायचं कमी, फिरायचं जास्त

लॅपटॉप बॅगेतच राहू द्या. पहिल्या भेटीत मी मालकाला एकच मोठा प्रश्न विचारतो: "उद्या सकाळी एकही कॉम्प्युटर सुरू झाला नाही, तर सगळ्यात आधी कोणतं काम थांबेल?" जालन्याच्या एका मिलमध्ये मला वाटलं होतं उत्तर अकाउंट येईल. मालक म्हणाले, "काटा." गेटवरच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद पडला की भंगाराच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात. सर्व्हर रूमइतकंच लक्ष त्या धुळीनं भरलेल्या केबिनकडं द्यायला हवं हे मला एका शब्दात कळलं.

नंतर संगणकवाल्याबरोबर एक चक्कर मारा. स्विच कुठं आहे, राउटर कुणी बसवला, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) कोणत्या नेटवर्कवर आहे, इन्व्हर्टर कशाकशाला आहे. मॉनिटरला चिकटवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठ्या दिसतील. त्यांचे फोटो काढू नका. डायरीत "अकाउंटमध्ये दोन मशीनवर चिठ्ठी" एवढं पुरे. डीव्हीआरचं घड्याळही बघून ठेवा. ते पंधरा-वीस मिनिटं पुढं-मागं असेल तर उद्या चोरी झाली की कॅमेऱ्याची वेळ आणि सर्व्हरची वेळ जुळवताना पोलिसांचीही दमछाक होते. घड्याळं जुळवून ठेवायला सर्ट-इननंही एप्रिल २०२२च्या निर्देशांत सांगितलंय, आणि त्याच निर्देशांत लॉग, म्हणजे यंत्रावर कधी काय झालं याची नोंद, १८० दिवस ठेवायलाही. लहान ऑफिसातल्या राउटरमध्ये लॉग किती दिवस टिकतो ते विचारून बघा. बहुतेक ठिकाणी लाइट गेली की तोही गेलेला असतो.

थांबा: या भेटीत कुणी म्हणेल, "आलाच आहात तर जरा स्कॅन मारून दाखवा की." नाही म्हणा, हसून म्हणा, पण नाहीच म्हणा. का, ते पुढच्या टप्प्यात.

## ३. कागद

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ म्हणतं की मालकाच्या किंवा प्रभारी माणसाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं हेच नुकसानभरपाईला पात्र आहे. तेच अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचा हेतू चांगलाच होता हे उद्या ठाण्यात सिद्ध करत बसायचं नसेल तर परवानगी लेखी हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा "ओके" हा कागद नाही.

परवानगीपत्रात एवढं आलंच पाहिजे:

- काय तपासायचं: आयपी पत्ते, वेबसाइट, अ‍ॅप, वायफायची नावं. "आमचं सगळं नेटवर्क" असं मोघम लिहू नका.
- काय तपासायचं नाही: चालू उत्पादनाची मशीनं, पगाराचा सर्व्हर, जे असेल ते.
- तारीख आणि वेळ, कुठून कुठपर्यंत.
- मध्येच थांबवायचं झालं तर फोन कुणी कुणाला करायचा. दोन्हीकडची दोन-दोन नावं.
- माहिती किती दिवस तुमच्याकडं राहील आणि कधी पुसली जाईल.

गोपनीयतेचा करार वेगळा करा, आणि दोन्ही कागद सोप्या मराठीत करा. सही करणाऱ्याला कळलं नाही तर त्या सहीचा तुम्हाला फारसा उपयोग नाही.

सही कुणाची, हा खरा घोळ. संगणकवाल्याची सही चालत नाही, मालकाच्या पुतण्याची तर नाहीच. कंपनीत संचालकाची किंवा अधिकार दिलेल्या माणसाची, बँकेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची, आणि संचालक मंडळाचा ठराव असेल तर त्याचा क्रमांकही लिहून घ्या.

इथं सगळ्यात जास्त पोरं घसरतात: लहान बँकांचं आणि पतसंस्थांचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतं. ग्राहकानं तुम्हाला परवानगी दिली म्हणून त्या कंपनीच्या सर्व्हरला हात लावता येत नाही. त्याच सर्व्हरवर इतर संस्थांचाही डेटा असू शकतो. तिथं त्या कंपनीची वेगळी लेखी परवानगी घ्या, नाहीतर तो भाग यादीतून काढा आणि काढल्याचं रिपोर्टमध्ये लिहा.

## ४. आदला दिवस

आदल्या दिवशी संगणकवाल्याला फोन करून एकच विचारा: "बॅकअप कधी घेतला आणि तो परत उघडून बघितला का?" दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होतात. उघडून बघितलेला नसेल तर एक फाइल परत आणून बघायला लावा, मगच दुसऱ्या दिवशी निघा. तपासणीत काही बिघडलं, आणि बॅकअप आधीपासूनच मेलेला असला, तरी दोष तुमच्यावरच येणार.

## ५. प्रत्यक्ष तपासणी

माझी स्वतःची फजिती सांगतो. वाळूजमधल्या एका कारखान्यात भर दुपारी पूर्ण नेटवर्कचा स्कॅन लावला. दहा मिनिटांत डिस्पॅचमधून एक जण धावत आला. लेबल प्रिंटर आपोआप कागद ओकायला लागला होता, प्रत्येकावर दोन-तीन ओळी कचरा. कारण साधं: नेटवर्क प्रिंटर ९१०० या पोर्टवर (पोर्ट म्हणजे यंत्राचं नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार) जे येईल ते छापतो, आणि माझं टूल त्याच पोर्टला हाका मारत होतं. गाडी लेबलांसाठी पाऊण तास थांबली. परवानगी होती म्हणून निभावलं, पण पुढचं अख्खं वर्ष त्या कारखान्यात मी "प्रिंटरवाले सर" होतो.

तेव्हापासूनची पद्धत:

- आधी फक्त कोणकोणती यंत्रं जिवंत आहेत ते बघायचं. ती यादी संगणकवाल्याबरोबर बसून वाचायची आणि प्रिंटर, काटा, हजेरीचं मशीन, डीव्हीआर बाजूला काढायचे. त्यांची तपासणी वेगळी, हळू, आणि शेजारी माणूस उभा करून.
- उत्पादनाच्या मशीनचे कंट्रोलर स्कॅन करायचेच नाहीत. जुने कंट्रोलर साध्या स्कॅननंही अडकतात आणि चालू लाइन थांबते. त्यांच्याबद्दल कागदावरून आणि केबल कुठून कुठं जाते ते बघून लिहा. ऑफिसचं आणि मशीनचं नेटवर्क एकाच स्विचवर आहे, एवढंच सापडलं तरी ते मोठं आहे.
- जड स्कॅन शिफ्ट संपल्यावर.
- सुरू करताना आणि संपवताना दोन्ही वेळा मेसेज, वेळेसकट.

तातडीचं रिपोर्टसाठी थांबवू नका. रिमोट डेस्कटॉप (लांबून कॉम्प्युटर चालवायची सोय) थेट इंटरनेटवर उघडा असेल, किंवा कुणी बाहेरचा आधीच आत शिरल्याची खूण दिसली, तर त्याच दिवशी फोन. तीन आठवड्यांनी पान ४२ वर लिहिलंत आणि मध्ये हल्ला झाला, तर मालकानं काय म्हणावं अशी तुमची अपेक्षा आहे?

## ६. रिपोर्ट

काम जिंकतं किंवा मरतं ते इथं. टूलनं काढलेली दीडशे पानं लोगो लावून पाठवणं हा रिपोर्ट नव्हे. टूलची तीव्रता जशीच्या तशी उतरवू नका. आतल्या प्रिंटरचं प्रमाणपत्र जुनं आहे यावर टूल लाल-पिवळं होतं. अकाउंटंटच्या मशीनवर एनीडेस्क (लांबून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) कायम चालू आहे आणि त्याचा पासवर्ड कंपनीचं नाव आणि १२३ आहे, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. सीव्हीएसएसचा, म्हणजे कमजोर जागेची तीव्रता १० पैकी मोजणाऱ्या पद्धतीचा, आकडा द्या, ९ आणि त्यावर क्रिटिकल, ७ ते ८.९ हाय हे बरोबरच आहे. पण दुरुस्तीचा क्रम ग्राहकाच्या धंद्यावरून लावा.

एकच गोष्ट दोन तऱ्हांनी लिहून दाखवतो. बहुतेक रिपोर्टांत असं असतं:

"एसएमबी शेअरवर एव्हरीवन ग्रुपला फुल कंट्रोल आढळला. तीव्रता: हाय. शिफारस: अनावश्यक शेअर बंद करावेत."

मालकाला यातलं काहीच कळत नाही. संगणकवाल्याला कळतं, पण शेअर बंद केला तर टॅली चालणार नाही हे त्याला माहीत असतं. नेटवर्कवर टॅली अशी वापरायची तर अकाउंटवाल्यांना त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी लागतेच. मग तो रिपोर्ट मिटवून ठेवतो, आणि त्याचं बरोबर आहे. असं लिहा:

"टॅलीचा सगळा हिशेब सर्व्हरच्या डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमध्ये आहे. काट्याच्या कॉम्प्युटरपासून स्टोअरपर्यंत ऑफिसातल्या कुठल्याही मशीनवरून तो उघडता, बदलता आणि पुसता येतो. यातल्या एका मशीनवर रॅन्समवेअर (फाइली अडवून पैसे मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं तर हिशेब कुलूपबंद होईल. बॅकअप त्याच सर्व्हरच्या ई ड्राइव्हवर आहे, म्हणजे तोही जाईल. करायचं काय: फोल्डरची परवानगी अकाउंट विभागाच्या चार लॉगिनांपुरती ठेवणे; काम अर्ध्या दिवसाचं, खर्च नाही. बॅकअपसाठी बाहेरच्या दोन हार्ड डिस्क, एक दिवसाआड बदलून, काम झाल्यावर केबल काढून तिजोरीत."

सुरुवातीला मालकासाठी एकच पान. त्यावर पाच मुद्द्यांच्या वर जाऊ नका, आणि प्रत्येकापुढं काम कुणाचं, किती वेळ, किती खर्च. आत संगणकवाल्यासाठी सविस्तर पायऱ्या. "व्हल्नरेबिलिटी" ऐवजी "कमजोर जागा" लिहिलंत म्हणून तुमची अक्कल कमी होत नाही.

पाठवण्याआधी तपासा: स्क्रीनशॉटमध्ये खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, आधार, पॅन, पासवर्ड दिसतोय का? काळं करा. फाइल पासवर्ड लावून पाठवा, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये न देता फोनवर सांगा. रिपोर्ट म्हणजे ग्राहकाच्या घराच्या उघड्या खिडक्यांची यादी आहे, ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची वस्तू नाही.

आणि "आता आपली यंत्रणा पूर्ण सुरक्षित आहे" असं कुठंही लिहू नका. अमुक तारखेला, अमुक यादीपुरतं, एवढं सापडलं, असंच लिहा.

## ७. मीटिंग, आणि तिच्या आदली मीटिंग

मालकासमोर बसण्याआधी संगणकवाल्याबरोबर बसा. पूर्ण मसुदा त्याला दाखवा. काही गोष्टी तो तिथल्या तिथं दुरुस्त करेल. त्या "तपासणीदरम्यान दुरुस्त केल्या" म्हणून त्याच्या नावावर लिहा. काही ठिकाणी तुम्हीच चुकलेले असाल, तेही इथंच कळेल. बारा-पंधरा हजारांवर काम करणारा तो एकटा माणूस प्रिंटरच्या शाईपासून सर्व्हरपर्यंत सगळं बघतो. फायरवॉल मागितलेला त्याचा जुना मेलही बहुतेक सापडतो. त्याला मालकासमोर उघडं पाडलंत तर दुरुस्ती करणारा हातच तुम्ही तोडलात.

मग मालक. वाक्य ठरलेलं असतं: "आमच्याकडं काय हाय चोरण्यासारखं? हॅकर काय जालन्याला येणारंय का?"

इथं पोरं २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी कसे गेले ते सांगायला लागतात. बँकेत ते सांगा, तिथं लागू पडतं. मिलच्या मालकाला ती पुण्याची गोष्ट वाटते. मी फक्त विचारतो, "शेठ, टॅली आठ दिवस उघडली नाही, तर कुणाकडून किती येणं आहे हे कुठून काढाल?" एकदा हा प्रश्न ऐकून शेठजींनी उत्तर दिलंच नाही. बेल दाबली, अकाउंटंटला बोलावलं आणि त्याला तोच प्रश्न विचारला. अकाउंटंट माझ्याकडं बघायला लागला. हार्ड डिस्क त्याच संध्याकाळी आल्या.

भीती घालू नका, आणि स्वतःचा फायरवॉलही त्याच मीटिंगमध्ये विकू नका. तपासणारा आणि विकणारा एकाच खुर्चीत दिसला की अख्ख्या रिपोर्टवरचा विश्वास जातो.

उठण्याआधी तपासा: पाचही मुद्द्यांपुढं माणसाचं नाव आणि तारीख आली का? "करून घेऊ" ही तारीख नव्हे. एखादी गोष्ट करायची नाही असं मालकानं ठरवलं तर तेही लिहून सही घ्या. तो त्यांचा अधिकार आहे, फक्त तो कागदावर असावा.

## मध्येच रात्री फोन आला तर

हा टप्पा क्रमात बसत नाही, तो कधीही येतो. "सर, सगळ्या फाइलींची नावं बदलली, स्क्रीनवर पैसे मागायलेत." फोनवर याच क्रमानं सांगा:

१. नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा. मशीन शक्यतो बंद करू नका. मेमरीतला पुरावा जातो.
२. बॅकअपची डिस्क कुठं लावलेली असेल तर तीही लगेच काढा.
३. स्क्रीनचा मोबाइलवर फोटो घ्या. पैसे मागणाऱ्या चिठ्ठीची फाइल पुसू नका.
४. कधी लक्षात आलं ती वेळ कागदावर लिहा. घटना सर्ट-इनला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. कळवायचं ग्राहकानं, मदत तुमची. नागरी सहकारी बँक असेल तर रिझर्व्ह बँकेलाही ताबडतोब.
५. खात्यातून पैसे गेले असतील तर सगळं सोडून आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता येतात. उशीर झाला की हात चोळत बसायचं. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर.

कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका. एका ठिकाणी मी सकाळी नऊला पोचलो तर ओळखीच्या हार्डवेअरवाल्यानं रात्रीतून सर्व्हर फॉरमॅट करून नवा विंडोज टाकला होता. मोठ्या अभिमानानं दाखवला. पुरावा गेला, आणि कदाचित परत मिळाला असता तो डेटाही गेला.

## ८. फेरतपासणी आणि हात झटकणं

साधारण ४५ दिवसांनी परत जा. ही भेट पहिल्या दरातच धरा, नाहीतर ती कधीच होत नाही. फोनवरच्या "झालं सर" वर विश्वास नको. एनीडेस्क काढला म्हणून सांगितलं, जाऊन बघितलं तर फक्त डेस्कटॉपवरचं चिन्ह पुसलं होतं, मागं सेवा चालूच. बॅकअपच्या डिस्कवरची शेवटची तारीख स्वतः बघा, आणि एक फाइल समोर उघडायला लावा.

शेवटी ग्राहकाची माहिती. स्कॅनच्या फाइली, स्क्रीनशॉट, त्यांनी दिलेले तात्पुरते लॉगिन. लॉगिन त्यांच्यासमोर बंद करून घ्या. फाइली कागदात लिहिलेल्या तारखेला पुसा आणि पुसल्याचं दोन ओळींचं पत्र द्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि ग्राहकाच्या खातेदारांची यादी तुमच्या लॅपटॉपवरून बाहेर गेली तर पहिलं बोट तुमच्याकडं येणार. माझ्या लॅपटॉपवर प्रत्येक ग्राहकाच्या फोल्डरच्या नावातच पुसायची तारीख असते.